दोन विरुद्ध एक

मागच्या महिन्यात टूर कंपनीच्या याच टेबलाशी दोघा नवरा-बायकोची जुंपली होती. वसंतातल्या सुट्टीसाठी त्याला टस्कनीचे डोंगर हवे होते, तिला हॉलंडची सपाट फुलांची शेतं. "तेव्हा मला पाचवा असेल. घाटाची वळणं डॉक्टरांनी नको म्हटलंय," ती म्हणाली होती. मग पोटावर हात ठेवून, "काय रे पिल्लू, तुझं मत कुणाला?" असं विचारून तिनेच निकाल लावला होता, "हॉलंड! दोन विरुद्ध एक!"

"जन्माआधीच आईच्या पार्टीत गेलं कार्टं," म्हणत त्याने हात टेकले होते.

आज फॉर्म भरायला आल्यावर खुर्चीत बसता बसताच ती म्हणाली, "टस्कनीचं करा."

"अगं बाई, शेवटी साहेबांचीच सरशी!" टूरवाल्या ताई हसल्या. "आणि घाटाचं काय? डॉक्टर हो म्हणाले?"

"हो," ती टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाली. "आता कसलंच पथ्य नाही म्हणाले."

ताईंनी वर पाहिलं. टस्कनीचा फॉर्म तेवढा हळूच पुढे सरकवला.

त्याने तो तसाच परत केला.

"हॉलंडच राहू दे, ताई. मतदान झालंय आमचं."