मधली भिंत

ओक्लाहोमाच्या त्या पंचक्रोशीत ल्युडेल प्रुइटचा आवाज कुणाला माहीत नाही? रेडिओवर राजकारणाच्या गप्पा सुरू झाल्या की तिचा फोन ठरलेला. "खुन्याला विषाची एक सुई टोचायला कोर्टाला इतकी वर्षं लागतात? आणि तोवर आमच्या करातून त्याला जेवू घालायचं! कायदा सगळ्यांना सारखा, मग तो कुणाचा लाडका असो की दोडका."

निवेदक खूश व्हायचा. "मिस ल्युडेल, तुम्हीच निवडणुकीला उभ्या राहा की!"

"आणि माझ्या कोंबड्या काय तू राखणार?"

आज ती चर्चची टोपी घालून तुरुंगात आली होती. तिच्या थोरल्याला, हार्लनला मारणाऱ्याला आज ती सुई देणार होते.

नवा पहारेकरी अदबीने म्हणाला, "मॅम, बघायला दोन खोल्या आहेत. मयताची माणसं डावीकडे, खुन्याची उजवीकडे. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून मधे भिंत आहे. तुम्ही डावीकडे."

"झोपवल्यावर त्याचं तोंड कुठल्या खोलीकडे असतं?"

"उजवीकडच्या."

"मग मला तिथे बसव."

तो गडबडला. "मॅम, तिथे त्याची आई बसायची आहे."

"मीच ती. दोघंही माझेच." ल्युडेलने टोपी सारखी केली. "रेडिओवर बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही मी. पण सुई टोचताना मी समोर दिसले नाही, तर धाकटा फार रडतो."