कुठेतरी पाणी मुरतंय

गटारावरची सिमेंटची लादी बाजूला पडली होती आणि ड्रायव्हरकाका पहारीवर हात टेकून धापा टाकत उभे होते. सकाळपासून त्यांनी एकट्याने गाळ उपसला होता. तुंबलेलं पाणी वाहायला लागलं होतं. पहारीने लादी कशीबशी सरकवता आली होती, पण उचलून परत बसवायची तर चार माणसं हवी होती. अंधार पडायच्या आत ती बसली नाही, तर त्या भोकात कोणाचा तरी पाय मोडणार हे नक्की.

माणसांना काही तोटा नव्हता. शिंपी दुकानाच्या दारात होता, किराणावाला गल्ल्यावरून मान उंचावत होता, वर प्रत्येक गॅलरीत दोन-दोन डोकी होती. बघायला कोणाचीच ना नव्हती.

काकांनी शिंप्याला हाक मारली. शिंप्याने घसा खाकरला, गळ्यातली टेप सारखी केली आणि कंबर दुखते म्हणाला. मग अगदी सहज विचारावं तसं त्याने विचारलं, की परवा खड्डे बुजवलेत, आज गटार काढलंत, हे सगळं चाललंय कशासाठी?

"आपलाच देश आहे. आपणच नीट ठेवायला नको का?" काका म्हणाले.

हे ते मनापासून म्हणाले. आयुष्यभर गाडी हाकून त्यांनी देशाचा कानाकोपरा पाहिला होता आणि त्याला कोणी नावं ठेवली की त्यांचं डोकं फिरायचं. पण हे ऐकून शिंप्याच्या कपाळावर आठ्याच चढल्या. माणूस थेट देशावर आला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तो दोन पावलं मागे सरकला. किराणावाला तर आतच गेला. वरच्या गॅलरीत कोणी म्हणालं, ठेका मिळवायचा असेल; कोणी म्हणालं, कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेवर डोळा आहे. आवाज दबका होता, पण काकांना ऐकू जाईल इतपतच.

काकांनी लादीकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"बरं बाबा, निवडणुकीला उभा राहतोय. झालं समाधान?"

गल्लीचा जीव भांड्यात पडला.

"मग असं आधी बोलायचं ना, काका," म्हणत शिंपी बाह्या सरसावून पुढे आला. कंबरदुखी कुठल्या कुठे पळाली. किराणावाल्याने दोन हमाल आणले आणि लादी एका दमात जागेवर बसली. कोणी चहा दिला, कोणी मेहुण्याच्या नोकरीचं कानात सांगितलं. काकांनी सगळ्यांना हो म्हटलं.

बातमी त्यांच्या आधी जिना चढली होती. काका हात धूत होते आणि काकू टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या, पण टॉवेल काही पुढे करीनात.

"महिनाभर मी बायकांशी भांडतेय, की ह्यांचा यात काही स्वार्थ नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "मला तरी आधी सांगायचं होतं."

"अगं, ते लादी उचलावी म्हणून म्हणालो. खोटं आहे ते सगळं."

काकूंनी शेवटी टॉवेल पुढे केला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण कुठल्या पक्षाकडून?"