पलंगाखालचं वजन

शिलाई मशीन. मुलीची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. लोखंडी खलबत्ता. लग्नाचा अल्बम. भिंतीवरचं घड्याळ, चालू.

तीन दिवस आमचं मोटरहोम रस्ताभर डुलत होतं. मेकॅनिकने हवा तपासली, अलाइनमेंट पाहिली आणि शेवटी मागच्या पलंगाखालून हे सगळं बाहेर काढलं.

"काका, मागे एवढं वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग भरकटणारच. आठ दिवसांच्या सहलीला मशीन कशाला?"

"काकूंनाच विचार," मी हसलो. "चल गं, मागे वळू. हे सगळं घरी टाकू आणि पुन्हा निघू."

बायको प्रगतिपुस्तकांवरची धूळ पदराने पुसत होती. "घरी नाही टाकता येणार."

"का?"

"दर सहलीत म्हणता ना, आता परत जायलाच नको? म्हटलं, एकदा तुमच्या मनासारखं करून टाकू. घर माझ्याच नावावर होतं. विकलं."

मेकॅनिक पाना हातात धरून तसाच उभा राहिला. मी खाली, मशीनवरच बसलो.

"अहो, बोला ना काहीतरी!"

नव्या मालकांनी काल सकाळी दाराचं कुलूप बदललं होतं.