टाकीत वीस मासे

ऑस्कर माशाच्या तोंडातून लाल शेपटी बाहेर लोंबत होती. दात घासता घासता तो टाकीसमोर थबकला. मोठ्या माशाने एकदा जबडा हलवला आणि शेपटी आत गेली. मग ऑस्कर काचेजवळ आला आणि रोजच्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला.

त्याने चूळ भरली, परत आला आणि मोजलं. चार उरल्या होत्या.

पाच आठवड्यांपूर्वी बायको गेली तेव्हा टाकीत वीस लाल प्लॅटी होत्या, बोटाच्या पेराएवढ्या मासोळ्या. सासरी परत निघताना मुलीने काचेवर बोट टेकवत एकेक मोजली होती. "बाबा, वीस आहेत. आईच्या आहेत, सांभाळा हं." तेव्हाही त्याने नुसती मान हलवली होती. या पाच आठवड्यांत त्याने सगळ्यालाच मान हलवली होती. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, बायकोच्या साड्या कपाटातून काढून नेणाऱ्या मेहुणीला. दहा दिवसांची रजा संपली तसा तो कामावर गेला. जुने वीजमीटर तपासायचे, चाक बरोबर फिरतं का बघायचं, शिक्का मारायचा. कुणी विचारलं तर 'ठीक' म्हणायचं. रडू आलं नव्हतं.

मुलगी रोज फोन करायची. "बाबा, जेवलात का? मासे कसे आहेत?"

"मजेत," तो म्हणायचा.

रविवारी ती येणार होती.

आधी त्याला वाटलं, चूक आपलीच. दाणे कमी पडत असतील, पाणी बदलायला उशीर होत असेल. बायको हे सगळं कधी करायची ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पण आज डोळ्यांदेखत घडलं. ऑस्करच खात होता.

आणि ऑस्कर त्याने आणलेला होता. सात वर्षांपूर्वी, ऑफिसातून येता येता, तळहाताएवढा. बायकोने पिशवी उजेडात धरून बघितली, हसली आणि पिल्लू आपल्या प्लॅटींमध्ये सोडून दिलं. बघता बघता ते वीतभर झालं. लाल मासोळ्या मात्र त्याच्या आजूबाजूला तशाच फिरायच्या. ऑफिसात कुणी म्हणालं, हा शिकारी मासा, दुसऱ्यांना जगू देत नाही, की तो ठासून सांगायचा, "आमच्याकडे सात वर्षं गुण्यागोविंदाने नांदतायत. प्रेमाने वाढवलं की नांदतात."

त्याने आंघोळ केली, ऑफिसला कळवलं आणि जाळीने ऑस्करला बादलीत घेतलं. मासा इतका धडपडला की निम्मा शर्ट भिजला. त्याने शर्ट बदलला नाही. तसाच बादली घेऊन बस पकडली आणि ऑस्कर जिथून आणला होता त्या माशांच्या दुकानात गेला.

दुकान एक वयस्क बाई चालवत होत्या. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि लगेच त्याच्याकडे पाहिलं.

"हा ताईंचा ऑस्कर ना? ताई बऱ्या आहेत ना? बरेच दिवस फिरकल्या नाहीत."

"ती गेली," तो म्हणाला. "पाच आठवडे झाले."

बाईंनी हातातली पाण्याची नळी खाली ठेवली. त्याने बादली पुढे सरकवली.

"हा ठेवून घ्या. सात वर्षं सगळे एकत्र राहिले. ती गेली आणि यानं खायला सुरुवात केली."

"आत्ता नाही केली, भाऊ. पहिल्यापासूनच खातोय तो."

"टाकीत कायम वीस असायच्या."

"असायच्याच. ताई दर पंधरा दिवसांनी येऊन, कमी झालेल्या तेवढ्या घेऊन जायच्या. कधी सहा, कधी आठ. यालाही पोटभर खायला घालायच्या, म्हणजे जरा कमी मारतो. एकदा ताप होता अंगात, तरी रिक्षा करून आल्या. म्हणाल्या, संध्याकाळी हे घरी आले की टाकीसमोर बसतात, वीस दिसायला हव्यात."

त्याने बादलीतल्या ऑस्करकडे बघितलं. सात वर्षं. तो टाकीसमोर चहा पीत बसायचा आणि ती स्वयंपाकघरातून विचारायची, "कसे आहेत तुमचे मासे?" तो म्हणायचा, "मजेत."

"मग ठेवून घेऊ याला?" बाईंनी विचारलं.

"नको." त्याने बादली पुन्हा आपल्याकडे ओढली. "दुसरी टाकी द्या. मोठी. हा तिच्यात राहील. आणि सोळा प्लॅटी द्या, जुन्या टाकीत सोडायला."

बाईंनी टाकी काढली, काच पुसली, घरी पोचवायला टेम्पोवाल्याला फोन केला. मग जाळी घेऊन लाल मासोळ्या पकडू लागल्या. एक, दोन, तीन. तो बघत उभा होता. पाचव्या मासोळीला त्याचे डोळे भरून आले आणि पुढचं काही दिसेना.

"तिनं मला सांगितलं का नाही?" तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात हा परत का नाही दिला?"

"मी म्हटलं होतं, द्या परत, बदलून देते," पिशवीला गाठ मारत बाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, राहू दे. एकोणीस वर्षांच्या संसारात यांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी आपणहून आणलंय."