पाय चेपताना

१९७१ साली माझी मैत्रीण जिन्यावरून पडली आणि मानेखालचं तिचं सगळं शरीर कायमचं बधिर झालं. कचेरी सुटली की मी तिच्याकडे जायचे. "आधी नाक खाजव मेले, मग गप्पा!" असं माझं स्वागत व्हायचं. तिची आई पायाशी बसून तिचे पाय चेपत असायची.

"बरं वाटतंय का गं?"

"खूप बरं वाटतंय, आई."

काकू स्वयंपाकघरात गेल्या की ती मला दटावायची, "माझ्या पायांना काही कळत नाही हे तिला सांगशील तर खबरदार!"

मी कधीच सांगितलं नाही. काही वर्षांनी मैत्रीण गेली, माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून 'बरं वाटतंय' ऐकायला दुसरा उपाय नव्हता गं."