ओल्या काड्या

"काडी घट्ट धर. हां, दोन्ही हातांनी," प्रफुल्ल कॅमेऱ्यामागून म्हणाला.

साक्षीने द्राक्षवेलीवरच्या छाटलेल्या काड्या मुठीत धरल्या. एकही पान नसलेली बाग, ओलसर चकाकणाऱ्या काड्या आणि मध्ये पैठणीच्या कापडाचा हिरवा गाऊन घातलेली ती. दिंडोरीच्या उतरत्या उन्हात फोटो असे निघत होते, की अमितसर दोनदा खुर्चीवरून उठून स्क्रीन बघून गेले. कपडे त्यांच्याच ब्रँडचे. मुंबईचा फोटोग्राफर सोडून त्यांनी गंगापूर रोडवर बारशांचे फोटो काढणाऱ्या प्रफुल्लला बोलावलं होतं.

"हे जमलं, तर वर्षभर तूच," असं गाडीतच सांगून टाकलं होतं.

लेन्स बदलायला तो वाकला, तेव्हा ओळीच्या टोकाला त्याला बादली दिसली. काठावर रबरी हातमोजे वाळत टाकलेले.

काड्यांवरची ओल पाण्याची नव्हती. काडीवरचे डोळे लवकर फुटून कोंब यावेत म्हणून छाटणीनंतर लावतात, ती पेस्ट होती. ती अंगाला लागली की पुढे काही दिवस दारूच्या थेंबाला शिवायचं नाही, हे इथे वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शेजारच्या बागेतले झुंबरकाका ते विसरून प्यायले होते. त्यांना जीपमध्ये घालताना पाय प्रफुल्लनेच धरले होते.

"चला, आता वाइन!" अमितसरांनी भरलेला ग्लास साक्षीच्या हाती दिला. "नुसता धरू नकोस हं, पी. ओठ ओले दिसू देत."

"सर, कोकम सरबत घालू या का? रंग तोच येईल."

"वाइनच्या गावात सरबत? लोक हसतील रे."

"मला चालते की वाइन, दादा," साक्षी म्हणाली. "फुकटची तर आधी चालते."

सांगितलं, तर शूट इथेच थांबणार होतं. ऊन मांडवाच्या तारांच्या खाली उतरलं होतं.

"हात तेवढे पूस," प्रफुल्ल म्हणाला आणि त्याने तिच्याकडे नॅपकिन टाकला.

तिने पुसले. एक घोट घेतला. मग, आवडली म्हणून, आणखी दोन.

थोड्याच वेळात तिच्या गळ्यापासून लाली चढू लागली. गळा, कान, गाल.

"आहाहा!" अमितसर स्क्रीनवर वाकले. "मेकअपवालीला दिवसभर जमलं नाही ते बघ. काय तेज आलंय पोरीला!"

"दादा, छातीत कसंतरी धडधडतंय."

प्रफुल्लने फोकस तिच्या डोळ्यांवर आणला.

"हनुवटी जरा वर," तो म्हणाला.