बाबांचा बनियन

पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे, असं झटपट उरकून शाल्मलीने मशीन सुरू केलं. आई ओल्या हातांनीच धावत आली.

"बाबांचा बनियन कुठे टाकलास?"

"पांढऱ्यांत. मग काय, लाल ओढणीबरोबर घालू?"

आईचा चेहरा पाहिला आणि शाल्मलीने जीभ चावली. या घरात कपडे माणसं बघून वेगळे करायचे असतात, हे ती साफ विसरली होती. सगळ्यांचे मशीनमध्ये, बाबांचे बादलीत. कारण मशीन कपड्यांतला घाम तपासून आजार ओळखायचं, आणि माणूस ड्रायव्हर असला तर थेट लायसन्सच्या ऑफिसला कळवायचं. बाबा शाळेची बस चालवत. हल्ली त्यांना स्टिअरिंगवर भोवळ यायची.

पाणी भरत होतं. ते पुरतं भरेपर्यंतच मशीन थांबवता येणार होतं, आणि मशीन बाबांच्या नावावर असल्यामुळे तेही त्यांच्याच बोटाच्या ठशाने.

"अहो, बंद करा ना," आई दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाबांना कळवळून म्हणाली.

बाबांनी बोट बटणापर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं. पाणी काचेच्या वर चढलं.

"उद्या पोरांची सहल घाटातून न्यायचीय," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला. "चालू दे."